भाजलेल्या हनुवटीवरची दाढी

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला आल्यावर आम्ही पहिली गाडी घेतली ती जुनीच. ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा होता. ऑफिसातून परतताना ती तापली. कडेला थांबवून बॉनेट उघडलं आणि घाईघाईत रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी हनुवटीवर, गालांवर, गळ्यावर उडालं. चष्म्यामुळे डोळे वाचले.

हॉस्पिटलात दुखलं खूप, पण लाज वाटली नाही. सगळे मायेनं वागत होते. तिथल्या मराठी मंडळातल्या एक काकू माझ्या बायकोला भेटीच्या वेळी गाडीतून आणून सोडत, सोबत मऊ वरणभाताचा डबा देत. जखमा भरल्या, गुलाबी कातडी आली आणि मी घरी आलो.

मग त्या कातडीतून दाढी उगवू लागली आणि केसाकेसाच्या मुळाशी पिवळा फोड आला. एक फुटून खपली धरेपर्यंत शेजारी दुसरा तयार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाजलेल्या जागी केसांची मुळं सुजतात, त्यांत पू होतो. जाड मलम बंद करा, साबणानं हलक्या हातानं धुवा, वस्तरा अजिबात लावू नका. गोळ्या दिल्या आणि टॉवेल वेगळा ठेवायला सांगितला.

टॉवेलचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मीटिंगमध्ये मी हनुवटीवर हात धरून बसायचो. कॅफेटेरियात जाणं सोडलं, डबा टेबलावरच खायचो. अर्धवट दाढी आणि त्यातून डोकावणारा पू, असा चेहरा घेऊन कुणासमोर जेवणार?

एकदा मुलीला शाळेत सोडताना ती हळूच म्हणाली, "बाबा, स्टे इन द कार, ओके?" मला वाईट वाटू नये म्हणून ती खिडकीबाहेर बघत बोलली होती. मी ओके म्हणालो. त्यानंतर तिला सोडायला गेलो की गाडीतच बसून राहायचो.

गणपतीत मंडळाचं जेवण एका शाळेच्या हॉलमध्ये असायचं. श्रीखंड वाढायचं काम दरवर्षी माझ्याकडे. सवयीनं पळी उचलली, दोन-चार ताटांत वाढलंही, मग पुढचं ताट मागे सरकलं. तेवढ्यात त्याच काकू आल्या.

"द्या इकडे. तुम्ही बसा, दमला असाल."

मी दमलो नव्हतो आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी पळी घेतल्याबरोबर थबकलेली रांग सरकायला लागली. मी न जेवता पार्किंगमध्ये जाऊन बसलो.

थोड्या वेळानं बायको आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं सांगू? तुमच्या जागी दुसरं कुणी असतं, तर मीही ताट मागे घेतलं असतं."

मला तिचा राग आला नाही. मीही घेतलं असतं. आम्ही मुलीला बोलावून घरी गेलो.

थंडी पडेपर्यंत फोड बसले. काही जागी केस कायमचे गेले, काही जागी बारीक गाठी राहिल्या. पुढच्या वर्षी काकूंनी स्वतः फोन करून वाढायला बोलावलं, दोनदा आग्रह केला. मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि खुर्च्या मांडायचं काम मागून घेतलं.