मांडव शहाऐंशी

तळवलीच्या पुतळाबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात धवला गाणारी बाई आल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. नवरीचं, तिच्या आईबापांचं, मामाचं नाव गुंफून त्या गात. वाशीला आमच्या बिल्डिंगमध्ये त्या भाजी विकायला येत. त्यांना नंदकुमारसमोर मीच आणून बसवलं. २ फेब्रुवारी १९८६, रविवार.

नंदकुमार माझा धाकटा दीर. दुबईहून येताना त्याने सिंथेसायझर आणला होता आणि त्यावर धवल्यांची एक आधुनिक कॅसेट काढायची त्याची जिद्द होती. कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकलेली म्हणून स्वर मी लिहून दिले.

"याला कसली घाई?" पुतळाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "हलद लावून होईपरत मी थांबते. हा थांबतंच नाय."

"मशीन आहे ते," नंदकुमार म्हणाला. "तुम्ही त्याच्यामागे धावायचं."

"या वयात? बरं, धावीन."

आणि धावल्या. तीन आठवड्यांत त्यांनी ठेका असा पकडला की नंदकुमार टाळ्या वाजवू लागला. अडलं ते नावापाशी.

"नाव नको," तो म्हणाला. "नुसतं 'नवरी' म्हणा. कॅसेट सगळ्या लग्नांत चालली पाहिजे."

"नाव नाय घेतलं तं देवाला कसं कलनार, कोनाची पोर हाय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "गा हो, एवढ्याने काय होतंय?" त्या गायल्या.

'मांडव शहाऐंशी' खूप चालली. कव्हरवर दोघांची नावं सारख्याच अक्षरांत होती. फसवलं कोणीच नाही.

१० मे १९८७ रोजी पुतळाबाईंच्या सख्ख्या भाचीचं, गोजराचं, लग्न होतं. नंदकुमार आणि मी गेलो होतो. पुतळाबाई नवं लुगडं नेसून पाटाजवळ गेल्या, तेवढ्यात त्यांच्या भावाने, गोजराच्या बापाने, सदूने टेप लावला.

"सदू, बंद कर ते. मी हाय ना इथं."

"अगं, तुजाच आवाज हाय! बस ना आक्का, आराम कर. पोरांना नाचाचं हाय."

त्या बसल्या नाहीत. गोजराच्या कानाशी वाकून त्यांनी तिचं नाव घेत धवला धरला. वर कर्ण्यातून त्यांचाच आवाज दुप्पट वेगाने पुढे धावत होता. गोजरा हसून म्हणाली, "आत्ये, काय बोलतेस? आयकू नाय येत."

हळद लागली. पुतळाबाई मांडवाबाहेर नंदकुमारपाशी आल्या.

"भाऊ, माजा आवाज त्यातून पुसता येल?"

"किती पुसणार? तीन हजार कॅसेटी गेल्या," तो खुशीत म्हणाला. त्याला वाटलं, त्या थट्टा करताहेत.

पुढच्या हंगामात त्यांना एकाही घरचं बोलावणं आलं नाही. त्या आमच्याकडे भाजी घेऊन येत राहिल्या. मी एकदा विचारलं, दुसरी कॅसेट काढायची म्हणतोय नंदकुमार, गाल का?

"त्याला माजी काय गरज?" भेंडी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "हाय की त्याच्याकडं मी."