दाभोशाला सुटलेला उपवास

नाशिकहून जव्हारची एसटी सुटली आणि ह्यांनी पिशवीतून उपवासाचा चिवडा काढला. "आज सोमवार ना तुझा? माझाही." लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची सहल, आणि दोघंही उपाशी!

दोष माझाच. वर्षभर खाली खाज, आग, कोरडेपणा. नवरा जवळ आला की मी कूस बदलायचे. हे सांगायचं कसं? त्यापेक्षा व्रत सोपं. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. त्या दिवशी ह्यांनी अंथरूण वेगळं घालायचं. भला माणूस उशी उचलून बाहेरच्या खोलीत जायचा. पुढे स्वतःच उपवास धरू लागला. अलीकडे तर इतर दिवशीही वेगळाच झोपायचा, आणि मला धास्ती वाटायची, हा कायमचा दुरावतोय की काय.

मोखाड्यापुढे डोंगर हिरवेगार, भातं पिवळी पडत आलेली. जव्हारहून जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही. शेवटी माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी आली तेव्हा हलली.

दाभोशाला हे पायऱ्या उतरून धबधब्याकडे गेले. मला सारखी लघवीची घाई, म्हणून मी वरच थांबून एका घरात मोरी विचारली. घर निघालं तिथल्या आशाताईंचं. त्या गावातलं औषधपाणी बघतात. त्यांनी नागलीची (नाचणीची) भाकर पुढे केली.

"नको हो, उपवास आहे."

"साखर हाय ना तुला?"

"गोळी चालू आहे. पण तुम्हाला कसं कळलं?"

"तिसऱ्यांदा मोरीत गेलीस, बाय. खाजवतं पन ना?"

मी लाजेनं लालबुंद. पण इथे मला ओळखतंय कोण? भडाभडा सगळं सांगून टाकलं, व्रतांसकट. बाई हसून हसून भिंतीला टेकल्या.

"उपासाला खातेस काय?"

"साबुदाणा, बटाटा, केळी."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाय! त्यानंच साखर चढते. साखर चढली का खाज वाढते. खाज वाढली का तू उपास धरते!"

मी बोटांवर वर्षभराचे उपवास मोजू लागले.

"साखरंनं लई बायांचं असं व्हतं. कोरडं पडतं, मन लागत नाय. औषध हाय, मलम हाय. दाक्तरीनबाईला दाखव. आन नवऱ्याला सांग. त्याला काय सपान पडतं?"

मी भाकर घेतली. वर सुक्या जवळ्याची चटणी, तीही सोमवारी!

परतीच्या एसटीत ह्यांनी केळी सोलली. मी हात धरला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ह्यांनी सोललेली केळी कागदात गुंडाळून ठेवली.

"म्हणजे मी तुला नकोसा झालो नव्हतो?"

"काहीतरीच काय! पण तुम्ही कशाला उपवास धरलेत?"

"तू ज्या देवाचं एवढं करतेस, त्यालाच म्हटलं, हिचं मन माझ्याकडे वळव."

मला हसूही आलं आणि रडूही. बिचारा देव! एकाच खिचडीवर दोन उलटे नवस.

दुसऱ्या दिवशी नाशिकला डॉक्टरीणबाईंकडे हेही आत आले. बाईंनी तपासलं, औषधं लिहून दिली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी रक्त द्यायला या. रात्रीपासून काही खाऊ नका."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्षभरातला तेवढाच एक उपवास मी खरा केला.