दोन भोकं पुढची खुंटी

मच्छिंद्र वायरमनच्या दोन खिशांत दोन कागद होते, आणि त्यातला कुठला बाहेर काढायचा या घोरानं तो चार दिवस धड जेवला नव्हता. घास तोंडाशी न्यायचा नि उठून उभा राहायचा. लंकाबाई, त्याची बायको, वैतागून म्हणायची, "अवो, ताटावर बसलाय का निखाऱ्यावर?"

एकाहत्तर सालची गोष्ट. हा पाथर्डीकडचा गडी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात सीझनल कामगार होता. गाळप आहे तोवर काम, हंगाम संपून पट्टा पडला की घरी. म्हणून लंकाबाई दरसाल आपल्या भावाच्या, गहिनीनाथ मुकादमाच्या टोळीत ऊस तोडायला जायची. पाठीचा पार काटा ढिला झाला होता बिचारीचा. यंदा मात्र चीफसाहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या चीफ इंजिनिअरनी, शब्द दिला होता, नवी तीन मशीनं चालू करून दे, तुला कायम करतो. झालं! लंकाबाईनं त्याच दिवशी भावाला सांगून टाकलं, यंदा मी न्हाई.

आता त्या मशीनचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिजलेला घट्ट पाक पोटात घेऊन ते गरगर फिरायचं, मळी बाहेर फेकायचं, मग वरून पाण्याचा फवारा बसला की साखर पांढरी व्हायची. पाक कधी घ्यायचा, पाणी किती वेळ सोडायचं, ब्रेक कधी लावायचा, यातलं काही माणूस करत नव्हता. बाजूच्या पेटीत एक ढोल हळूहळू फिरायचा. त्याला ओळीनं भोकं, आणि भोकांत पितळी खुंट्या. खुंटी बटणाला भिडली की ते ते काम आपोआप. कारखान्यात आधीपासून असलेल्या एक नंबरच्या मशीनच्या खुंट्या मुंबईच्या कंपनीचा माणूस बसवून गेला होता, आणि जाताना पेटीला शिशाचं सील ठोकून गेला होता. सीलला हात लावील त्याची नोकरी जाईल, असं साहेबांनी सगळ्यांना बजावलेलं.

आता साहेबांनीच सील काढून दिलं. एक नंबरचा ढोल तिन्ही नव्या मशीनवर जसाच्या तसा उतरव म्हणाले. मच्छिंद्रनं जाड खाकी कागदाची पट्टी ढोलावर गुंडाळली, अंगठ्यानं दाबत गेला, खुंट्यांनी कागदाला भोकं पाडली. हीच पट्टी नव्या ढोलावर गुंडाळायची आणि भोक दिसेल तिथं खुंटी बसवायची. शिंप्याचं काम, त्यात काय!

पण त्यात एक खुंटी कंपनीची नव्हतीच. ती मच्छिंद्रची होती. मागच्या सीझनला एक नंबरची साखर पिवळट निघायला लागली, फवारा कमी पडत होता. साहेब नगरला मीटिंगला गेलेले. या पठ्ठ्यानं सीलची तार अलगद सोडवली, पाणी बंद करणारी खुंटी दोन भोकं पुढं सरकवली आणि तार होती तशी बसवली. पाणी जास्त वेळ चाललं, साखर पांढरीफेक! परत आल्यावर साहेब मूठभर साखर सगळ्यांना दाखवत म्हणाले, "याला म्हणतात कंपनीचं सेटिंग." मच्छिंद्र बावळटासारखी मान हलवत राहिला. त्याच साखरेवर भुलून संचालकांनी आणखी तीन मशीनं मागवली.

म्हणून दुसऱ्या खिशात दुसरी पट्टी. तिच्यात ती खुंटी कंपनीच्या जागी. नव्या मशीनच्या नळांना पाण्याचा जोर होता, त्यांना तीच खरी. पण साहेब प्रत्येक ढोल एक नंबरशी ताडून बघणार. फरक दिसला की विचारणार, कुणी हात लावला?

चाचणीच्या दिवशी त्यानं एक नंबरवरून काढलेलीच पट्टी वापरली. भ्यायला, दुसरं काय! साहेबांनी ढोल तपासला, पाठ थोपटली. मशीन सुरू झालं. नव्या नळातून पाणी धो धो आलं ते थांबेचना. ब्रेक लागला तेव्हा आत साखरेचा पातळ थर तेवढा उरला होता, बाकीची विरघळून मळीबरोबर गेली.

"मशीनच खराब दिलंय लेकाच्यांनी!" साहेब लाल झाले. "आजच तार करतो. तिन्ही परत घेऊन जा म्हणावं."

चांगली नवीकोरी मशीनं! मच्छिंद्र पुढं झाला. "साहेब," तो म्हणाला, "मशीन चांगलं हाय. खुंटी माझी हाय." आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं.

फवारा कमी का पडत होता ते बघायला साहेबांनी एक नंबरचा नळ खोलायला लावला. आत विहिरीच्या पाण्याचा क्षार भाकरीएवढा जाड चढला होता.

"हे मागच्या वर्षी का नाही बोललास?"

"तुमी विचारलं असतं, सील कुनाला विचारून सोडलं."

"विचारलं असतंच." साहेबांनी नळातला क्षार नखानं खरवडून बघितला. "तुझ्या दुसऱ्या पट्टीनं तिन्ही चालू कर. पण सील सोडणाऱ्याला मी यंदा कायम करू शकत नाही. पुढच्या सालाचं पुढच्या साली बघू."

दुपारपर्यंत तिन्ही मशीनं पांढरी साखर द्यायला लागली. खरं सांगायचं तर मच्छिंद्रला पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं. घरी जाऊन त्यानं लंकाबाईला सगळं सांगितलं, आणि सांगताना थोडी छातीही फुगली होती.

लंकाबाई ओरडली नाही. तिनं आढ्यात खोचलेला कोयता काढला, धारेवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता.

"ब्येस केलं. खरं तुमी बोलला, अन् ऊस मी तोडनार. हे सांगितलं का सायबाला?"

"न्हाई. ते कसं सांगनार?"

"बाकीचं सांगितलं तसं. टोळी उद्या सकाळी हालनार हाय."

मच्छिंद्र उंबऱ्यातच उभा होता. खुंटीची कबुली देताना वाटली नव्हती एवढी लाज त्याला आता वाटली. त्यानं सायकल वळवली आणि वाटेत कुणाच्या रामरामालाही उत्तर न देता थेट साहेबांचा बंगला गाठला. साहेब नुकतेच चहाला बसले होते.

"आता काय राहिलं रे?" ते म्हणाले.

"साहेब," मच्छिंद्र धापा टाकत म्हणाला, "माझ्या बायकोचं राहिलं."