वन्संचा कोबा

आमच्या वन्सं बांधकामावर मुकादम. शिट्टी नाही, शिवी नाही. नुसत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या की सगळ्यांच्या थाप्या चालू लागतात. पण विटांच्या तुकड्यांपुढे त्यांनीही हात टेकले होते. मिस्त्र्याला अर्धी वीट हवी की तो अख्खी फोडणार, उरलेली मागे भिरकावणार. पायाशी अर्धुकं पडलेलं असलं, तरी वाकणार कोण?

त्यातून वन्संनी कामावरच्या बायकांना शब्द दिलेला. त्यांची पोरं ओल्या मातीत बसत. पोरं ठेवायच्या खोलीत थंडीआधी विटांचे तुकडे घालून पक्का कोबा करून देईन म्हणून. मालक म्हणाले, "करा, पण नवं सामान मिळणार नाही."

वन्संनी भाषण ठोकलं नाही. नेहमीसारख्या देवापुढे हात जोडून निघाल्या आणि कामावर जाऊन फर्मान काढलं: कचऱ्याचा एकच ढीग बंद. ज्यानं फोडलं, त्याचा कचरा त्याच्याच भिंतीपुढे राहील.

"मग आता कचऱ्यालाही नाव लावणार का, बाई?" मिशीवाले मिस्त्री फिस्कारले. त्यांना सगळे मामा म्हणत.

"लावते की. तुमचंच लेकरू आहे, सांभाळा."

संध्याकाळी मामांपुढे डोंगर. जाणारा-येणारा विचारी, "मामा, वर चढायला शिडी देऊ?" मिशा थरथरल्या. दुसऱ्या दिवसापासून मामा वाकून अर्धुकं उचलू लागले, भिंतीखाली पोतं अंथरून सांडलेला माल परत घमेल्यात घेऊ लागले. मग बाकीचे मागे राहतात होय?

आणि इथेच वन्संची फजिती झाली. कोबा घालायला घेतला, तर निम्म्या खोलीतच तुकडे संपले! फुटकी वीट औषधाला मिळेना. थंडी तर दाराशी आलेली.

"अख्ख्या फोडू का?" कुणीतरी विचारलं.

"हात तर लावून बघ!" वन्संच्या आधी मामाच गरजले. मग मान खाली घालून पुटपुटले, "कुंपणापाशी मातीखाली आहेत आधीचे तुकडे. तुम्हाला दिसू नयेत म्हणून आम्हीच पुरलेत, बाई."

सगळ्यांनी मिळून उकरले, धुतले, अंथरले. ठोकायला धुम्मस मामांनी दुसऱ्याच्या हाती दिला नाही.

कोबा वाळला. पोरं आत धावली. मामांनी चिखलाचे जोडे दाराबाहेर काढले आणि कुठे टोचतं का ते अनवाणी फिरून पाहिलं.

"काय मामा, कुणाचा हा कचरा?" वन्संनी विचारलं.

"आमचा!" मिशीला पीळ देत मामा म्हणाले.

त्या संध्याकाळी वन्संनी देवापुढे काही मागितलं नाही. नुसतं सांगितलं, "झालं बरं का."