वरून ओतलेला चहा

सगळ्या बायांच्या हातात स्टीलचे गिलास. माह्यापुढं पाण्याच्या बाटलीचं कापलेलं बूड. मालकीणबाईनं ते वाकून बांधावर ठेवलं, दोन पावलं मागं सरली आन् हात लांब करून वरून चहा ओतला. निम्मा बाहेर सांडला.

"तुला हेच बरं," ती म्हणली. "आन् उद्यापासून येऊ नको. हळद हाय ती. देवाला चढती, नवरीच्या अंगाला लागती. तिथं असली घाण घेऊन बसती का कोणी?"

घाण म्हंजे माह्या पोटावरची पिशवी.

थोडं आधी मी बांधाच्या पल्याड गेल्ते. पिशवी भरत आली व्हती. खुरप्यानं खड्डा केला, पिशवी रिकामी केली, वरून माती लोटली, साबण लावून हात धुतले. बाकीच्या बाया तरी साबण नेतात का, इचारा. तेवढ्यात मालकीणबाईची स्कुटी आली आन् तिनं पाहिलं.

माह्या आतड्याला गाठ व्हती. नांदेडला ऑपरेशन झालं. मागली वाट शिवून टाकली आन् पोटाच्या डाव्या अंगाला आतड्याचं तोंड काढून दिलं. लाल, ओलं, बोराएवढं. त्याच्याभवती चकती चिकटवायची, चकतीला पिशवी. जन्मभर. पहिल्यांदा पाहिलं तं मी सिस्टरवर ओरडले, झाका हे. ती म्हणली, "बाई, चाला, फिरा, शेतात जा. फकस्त वजन उचलू नका."

घरी कोणी फिरू देईना. सासू म्हणली, बस एका जागी. नवरा म्हणला, लोक काय म्हणतील. पाच महिने मागल्या खोलीत. मला बसवत न्हाई वो. जन्मात कधी बसले न्हाई. हात शिवशिवायचे, पाय वळवळायचे, भिंतीशी भांडावं वाटायचं. मग सकाळी पुसेगावच्या रस्त्यानं चालायला लागले. आधी पुलापर्यंत, मग थेट फाट्यापर्यंत. घामानं चकती सुटायची, साडीवर डाग पडायचा, रडत घरी यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. जुन्या लुगड्याचा पट्टा फाडून पोटाला कसा बांधायचा, हे माहं मीच शिकले.

हळद काढायच्या टोळीत गेले ते काशाबाईमुळं. काशाबाई आमच्याच गावची, वेशीबाहेरच्या वस्तीतली. आमची सावड ठरली. भरलेलं टोपलं तिनं उचलायचं, तिच्या पातीतले, म्हंजे तिच्या वाट्याच्या ओळीतले, थोडे गड्डे मी मोडायचे. ट्रॅक्टर पुढं हळद उकरत जायचा, मागं आमी बाया माती झाडून कंद मोडायच्या. तीन दिवस माही पात कोणाच्या मागं राहिली न्हाई. तीन दिवस मी पिशवी इसरून गेल्ते.

आन् आता हे बूड.

मी काय केलं सांगू? उचललं. खरंच उचललं. गुमान पिऊन घ्यावं, मग हातापाया पडावं, म्हंजे उद्या पुन्हा येता येईल, असं डोक्यात चालून राहिलं. मला बाहेर राहायचं व्हतं, बस. बाकीच्या बाया खाली मान घालून फुरके मारत व्हत्या.

शेजारी बसलेली काशाबाई हळूच म्हणली, "तुह्या सासऱ्याच्या ओसरीत कप टांगलेला व्हता. माह्या सासऱ्यानं त्यात चहा पेला. आता तू पे."

तोंडात मारल्यावानी झालं. तो कप मला ठाऊक व्हता. कान तुटलेला. नवी सून व्हते मी, आन् त्या कपात चहा मीच ओतायची. वरून. हात लागू नये म्हणून. तो म्हातारा उकिडवा बसून पेयाचा, आपला कप आपणच धुवायचा, खिळ्याला अडकवायचा. मला कधी काही वाटलं न्हाई. रीत असंल म्हणले. माह्याच पोटाला पिशवी लागली तवा कळलं. त्याची लाज वाटती, आजबी वाटती.

उठले आन् बूड उपडं केलं.

"बाई," मी म्हणले, "या हळदीला तुमी ट्रॉल्यावर ट्रॉल्या शेणखत टाकलं. ते देवाला चाललं. मग मीच काहून चालत न्हाई?"

"तोंड चालवती का?"

"व्हय. हातबी चालवते. पात माही हाय, दिवस बुडंस्तोर करीन."

ती नवऱ्याला फोन लावायला लागली. मी जाऊन पातीत बसले. कंद मोडायला लागले. मधीच पोट गुरगुरलं, पिशवीत हवा भरली, सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज झाला. एरवी मेले असते लाजेनं. म्हणले, जाऊ दे ऐकू. कोणी माह्या बाजूनं बोललं न्हाई. काशाबाईनं तेवढं माहं टोपलं उचललं, माह्याकडं न पाहता.

दुसऱ्या दिवशी टोळीच्या जीपमधी मला घेतलं न्हाई. मुकादमीण म्हणली, "मालकीण नको म्हणती, माय. मी काय करू?" काशाबाई जीपमधी बसलेली व्हती. तिलाबी पोट हाय, तिला मी दोष देत न्हाई.

मी पायी निघाले, गोरेगावच्या रस्त्यानं. पहिल्या शेताच्या बांधावर उभी राहिले आन् मालकाला मोठ्यानं सांगितलं. पोटावर पिशवी हाय, वजन उचलणार न्हाई, बाकी काम बराबर करीन. तो न्हाई म्हणला. पुढच्या बांधावर गेले, तिथंबी तेच सांगितलं. आता रोज सांगते. ज्याला जमंल त्यानं पात द्यावी. ज्याला न्हाई जमत त्यानं न्हाई म्हणावं, पण माह्या तोंडावर म्हणावं. मी घरी बसणार न्हाई.