जावयाच्या विमानाचं पाणी

दारव्ह्याच्या अब्दुल गनीचा हात इंजिनावरून उठला तो १९५५ साली. त्याआधी नऊ वर्षं तो किसनरावांच्या गॅरेजात मिस्त्री होता. मग त्यानं नुकतंच दुरुस्त करून दिलेल्या एका ट्रकाचं इंजिन भर रस्त्यात तापून जाम झालं. दोष कशाचा, ते कोणी पाहिलं नाही. किसनराव एवढंच म्हणाले, "गनी, आता तू घरीच बरा." तेव्हापासून गनी गळक्या बादल्यांना डाख द्यायचा आणि लग्नसराईत भांड्यांना कल्हई करायचा. पोट भरत होतं. पण रस्त्यानं एखादी मोटार खोकत गेली की याच्या हातातलं पातेलं भट्टीवर तसंच राहायचं आणि बायको, खैरुनबी, आतून ओरडायची.

१९५८ च्या हिवाळ्यात गावात चक्क विमान आलं. गावातले बडे शेतकरी भगवानराव यांचे जावई पंजाबराव लढाईच्या काळात विमानखात्यात होते. त्यांनी दोन माणसांचं एक जुनं विमान भंगारातून उचललं होतं. मूळचं इंजिन केव्हाच मेलेलं, म्हणून त्यात मोटारीचं इंजिन बसवलं होतं, पाण्यावर थंड होणारं. नाकाखाली छोटासा रेडिएटर. आठ दिवसांसाठी आलेले हे जावई सासऱ्याच्या पडीक वावरात विमान उभं करून दोन महिने राहिले, आणि सासऱ्यानं तोंडातून चकार शब्द काढला नाही.

उलट कौतुकच. जावयाला सोन्याचा घास द्यायचा तर त्याच्या विमानाला असंतसं पाणी कसं चालेल? भगवानरावांच्या विहिरीचं पाणी गावात नावाजलेलं, अगदी तहसीलदाराच्या घरी त्याचा हंडा जायचा. जावई रोज कोणाला तरी बसवून एक चक्कर मारायचे. खाली येईतो थोडं पाणी उडून गेलेलं असायचं, आणि भगवानराव स्वतः उभे राहून त्यात आपल्या विहिरीची घागर रिती करवायचे.

अन् एके दिवशी विमान रुसलं. दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल रेघेला टेकायचा. किसनरावांचा नवा मिस्त्री येऊन गेला, रेडिएटर गळतो म्हणाला, आणि डाख द्यायला गनीला बोलावणं आलं.

गनीनं रेडिएटर काढून टाक्यात बुडवला, फुंकून पाहिला. एकही बुडबुडा नाही.

"साहेब, हे गळत नाई. डाख कुठं देऊ?" तो म्हणाला. मग धीर करून बोलला, "मी इंजिन पाहू काय?"

"अबे, तूच तो ट्रक जाळला व्हता ना?" भगवानराव म्हणाले.

गनीचे कान लाल झाले. पण पंजाबराव फौजी माणूस. "पाहू द्या त्याले," म्हणाले.

तीन वर्षांनी गनीचा हात इंजिनाला लागला आणि त्याला रडूच यायला लागलं. त्यानं आधी रेडिएटरच्या पात्यांतली कापसाची रुई ब्रशानं झाडली. फरक नाही. पाण्याचा पंप उघडला, तो धडधाकट. इंजिनाची ठिणगी वेळेवर. मग त्यानं रेडिएटरमध्ये वरून तांब्याभर पाणी ओतलं. खालून ते इतकं हळू आलं, की भगवानरावांचं पान चघळून झालं तरी सगळं पाणी खाली उतरेना. गनीनं नळीत बोट घातलं. आत खरखरीत लागलं. नखानं खरवडलं तर पांढरी खपली हाती आली. ती त्यानं खिशात टाकली आणि घरी नेली.

खैरुनबीनं खपली पाहिली आणि हसायलाच लागली. "ये तो मेरे बंब में जमता सो चूना है! भगवानराव के कुएं का पानी, और क्या? पीने को मीठा, मगर तूर की दाल घंटाभर सीजती नहीं उसमें."

ती डाळीसाठी तलावाचं पाणी आणायची. दारव्ह्यातल्या झाडून साऱ्या बायका आणायच्या. पण कोणत्या पुरुषानं त्यांना कधी विचारलं होतं?

गनीला एकदम गॅरेज आठवलं. गॅरेजातलं पिंपसुद्धा त्याच विहिरीवरून भरायचं. त्या ट्रकालाही वर्षानुवर्षं तेच पाणी. तीन वर्षं तो स्वतःला गुन्हेगार समजत आला होता.

सकाळी तो चिंचेचा गोळा घेऊन वावरात हजर झाला. कल्हईआधी भांडं चिंचेनं उजळतात, तसंच त्यानं चिंचेचं गरम पाणी इंजिनात फिरवलं. तीनदा फिरवलं, तीनदा सोडलं. खाली ताकासारखं पांढरं पाणी वाहिलं. शेवटी तलावाचं पाणी फडक्यातून गाळून भरायला घेतलं, तेव्हा भगवानरावांचा पारा चढला.

"त्या तलावात म्हशी बसतात! माह्या जवायाच्या इमानाले म्हशीचं पाणी?"

"मालक, तुमचं पाणी पाव्हण्यांसाठी लय चांगलं," गनी नरमाईनं म्हणाला. "पण इंजिनाले अन् डाळीले नाई चालत. घरी ताईले विचारा."

भगवानरावांनी बायकोला, विमलताईंना, विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण मान हलवली.

झाकण घट्ट बसवून गनीनं हात पुसले. तेव्हा पंजाबराव म्हणाले, "चल, बस."

मोटारलाइनीचा कायदाच आहे: ज्यानं इंजिन खोललं, त्यानं ट्रायलला गाडीत बसायचं. नऊ वर्षं गनीनं हा कायदा पाळला होता. पण गाडी वर जाणारी असेल तर काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. हा माणूस कधी लिंबाच्या झाडावरही चढला नव्हता. वावराच्या कडेला अर्धं गाव जमलं होतं, त्यात किसनरावही होते. नाही म्हटलं असतं तर कोणी रागावलं नसतं. फक्त उद्यापासून पुन्हा बादल्या.

गनी बसला. विमान धावलं, उचललं गेलं. खाली खैरुनबीनं डोळे मिटून दुवा मागायला सुरुवात केली. पाच मिनिटं, दहा, पंधरा. विमान गावावरून तीन घिरट्या घालून वीस मिनिटांनी उतरलं. रेडिएटरवर वाफेचा मागमूस नव्हता.

पोरंसोरं, म्हातारे, सारे गनीभोवती कोंडाळं करून उभे राहिले. वरून दारव्हा कसं दिसते? बाजार दिसला काय? तुह्यं घर दिसलं काय?

गनीनं आधी रेडिएटरला हात लावून पाहिला.

"मले काय मालूम बाबा," तो म्हणाला. "मी काटाच पाहून राह्यलो व्हतो. लाल रेघेच्या दोन बोटं खाली व्हता, पुरा टाइम."

लोक पोट धरून हसले. किसनराव हसले नाहीत. ते गर्दीतून पुढं आले आणि म्हणाले, "गनीभाई, सकाळी गॅरेजात या."