गोळीतला गहू

मेडिकलवाले चार जण एकत्र बसले की धंद्याचं बोलणं लवकर संपतं आणि किस्से सुरू होतात. माझे बहुतेक किस्से एकाच दुकानातले! नांदेडला स्वतःचं मेडिकल टाकण्याआधी मी लातूरला शिवप्पा काकांच्या काउंटरवर होतो. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. समोरून गेलो की अजून पाय रेंगाळतात.

आमची खास गिऱ्हाईक म्हणजे चाकूरची वैष्णवी. तिला सिलिअ‍ॅक. गव्हाचा किंवा जवाचा कण पोटात गेला तरी आतडी बिघडायची. जेवणाची अडचण नव्हती, घरी ज्वारीची भाकरी. पण अंगात रक्त कमी, हाडं कच्ची, म्हणून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या. खरी पंचाईत तिथंच!

* * *

तिची आई सुमनबाई पहिल्यांदा आली आणि म्हणाली, "गोळीत गहू न्हाई ना, बघून द्या."

काका हसले. "गोळी म्हंजे काय चपाती हाय का?"

तरी चष्मा लावून डबी वाचली. 'स्टार्च' लिहिलेलं. कशाचा, ते नाही! काकांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपलं प्रॉडक्ट शंभर टक्के व्हेजिटेरियन आहे."

"अहो बाई, गहू बी व्हेजिटेरियनच असतोय!"

* * *

आमच्याकडं अख्खी पट्टी घेतो कोण? "चार गोळ्या द्या" म्हटलं की कात्री चालवायची. मग कंपनीचं नाव दुकानात राहतं आणि गोळ्या गावाला जातात. काकांनी विचारून विचारून मक्याच्या स्टार्चची गोळी शोधली, वैष्णवीच्या म्हणून तिच्या पट्ट्या वेगळ्या काढून ठेवल्या आणि त्यांना कात्री बंद केली.

एकदा एक जण त्यातल्याच दोन गोळ्यांसाठी अडून बसला. "कापत का न्हाई? देवाची हाय का?"

"हाव. चाकूरच्या देवीची!"

* * *

एका कंपनीचा एमआर, म्हणजे औषधं खपवणारा माणूस, प्रोटीन पावडरचा डबा घेऊन आला. "काका, लहानथोर सगळ्यांना चालते."

काकांनी डब्यावर बोट ठेवलं. "हे माल्ट काय हाय?"

"ते नुसतं चवीला, काका."

"चव जवाची हाय. तू चहा पी, अन् डबा वापस ने."

पुढच्या खेपेला गडी पायरीवरूनच ओरडला, "काका, आज जव न्हाई! चहा सांगा!"

* * *

हा किस्सा मी हसत सांगू शकत नाही. औशाच्या मामांनी वैष्णवीसाठी ताकदीचं चूर्ण आणलं. डबीवर ना नाव, ना गाव. "झाडपाल्याचं हाय, काय होत न्हाई," म्हणाले. पोरीनं मामांचा मान राखून रोज चमचाभर घेतलं आणि ऐन बारावीच्या परीक्षेत सलाईनवर गेली.

सुमनबाई रिकामी डबी घेऊन दुकानात आली. "मी घरात असताना हे हाल. उद्या सासरी कोण बघल हिच्याकडं?"

 काकांनी चष्मा लावून डबी सगळीकडून बघितली. मला फार वाईट वाटलं होतं.

* * *

वैष्णवीचं लग्न नायगावला झालं. पुढं तिला दिवस गेले, आणि एका दुपारी सुमनबाई आणि वैष्णवीच्या सासूबाई, दोघी विहिणी, लातूरच्या बाजारात आल्या तशा दुकानात शिरल्या. काकांनी लगबगीनं लोहाच्या गोळ्या पुढं केल्या.

सासूबाईंनी पट्टी उलटीपालटी केली. "ह्यातला स्टार्च कशाचा हाय?"

"मक्याचा. लग्नाआधीपासून हीच गोळी देतोय मी. डोळे झाकून न्या."

"डोळे झाकून कशापायी? कंपनीनं मधीच माल बदलला असल तर?"

काकांवर शंका घेणाऱ्या गिऱ्हाइकाची काय गत व्हायची, ते मला ठाऊक होतं. मी मुकाट्यानं कपाट आवरायला घेतलं.

"मी सोता विचारलंय, बाई," काका म्हणाले.

"तुम्ही विचारलं असल. म्या न्हाई विचारलं. लावा फोन."

काकांनी फोन लावला. स्पीकरवर टाकला. लाईन बिझी.

"वेळ लागल, बाई," काका म्हणाले. 

"लागू द्या." सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसल्या आणि थोडं सरकून म्हणाल्या, "बसा की विहीणबाई. रडायला काय झालं?"